सात आसनांची मोटार कशी पारखावी ?

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नाच्या निमित्तानें आम्ही सात माणसें पुण्याहून कोल्हापुरास निघालों. एका स्नेह्यानें आपली मोटार दिली होती. मोटार मोठी, किमती आणि तीन रांगांची. आमच्या मावशींचें वय त्या वेळीं बहात्तर. “मी बारीक आहें, मी मागें बसतें,” असें म्हणून त्या तिसऱ्या रांगेंत शिरल्या. शिरल्या म्हणण्यापेक्षां त्यांना आंत घातलें असें म्हणणें अधिक बरोबर होईल. साताऱ्यापर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. तेथें चहासाठीं थांबलों तेव्हां त्यांना बाहेर काढावयास दोघे लागले, आणि पुढचा अर्धा तास त्यांचा उजवा गुडघा सरळ होईना. परतीच्या प्रवासांत त्या हट्टानें एस्. टी.नें आल्या. ती मोटार कोणत्या कंपनीची होती हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. आमच्या सातांपैकीं एकानेंही घरून निघण्यापूर्वीं त्या तिसऱ्या रांगेंत बसून पाहिलें नव्हतें.

आज मला ज्या प्रकारच्या मोटारीविषयीं आपल्याशीं बोलावयाचें आहे ती हीच : तीन रांगांची, उंच बांध्याची, चैनीच्या वर्गांत मोडणारी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एस्. यू. व्ही. म्हणतात. असली मोटार ज्यांच्या दारांत उभी राहील अशीं घरें आपल्यांत थोडींच. तरीही हा विषय सर्वांच्या कामाचा आहे असें मला वाटतें. पंधरा लाखांची सात आसनी गाडी घेणारा गृहस्थ आणि एक कोटीची घेणारा गृहस्थ, दोघेही बहुधा एकच चूक करतात. मोटार पसंत करावयाची ती चालकाच्या आसनावर बसून. उरलेलीं सहा माणसें कोठें आणि कशीं बसणार, हें पैसे मोजून झाल्यावर कळतें.

उदाहरणासाठीं मीं स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीची एक्स्. सी. ९० ही मोटार निवडली आहे. तिची नव्या साजांतील आवृत्ति ४ सप्टेंबर २०२४ रोजीं जगापुढें आली आणि मार्च २०२५ मध्यें भारतांत दाखल झाली. आपल्याकडील गाड्यांची जुळणी बेंगळूरजवळच्या होसकोटे येथें होते. अमेरिकेंत हिला मध्यम आकाराची म्हणतात. लांबी सुमारें ४.९५ मीटर आणि आरसे सोडूनही रुंदी १.९ मीटरांहून अधिक. आमच्या सदाशिव पेठेंत हिला मध्यम म्हणणारा माणूस अद्याप मला भेटलेला नाहीं.

प्रथम ‘नवा साज’ म्हणजे काय तें पाहूं. एखाद्या जुन्या वाड्याला दिवाळीपूर्वीं रंग दिला, दिंडीदरवाजाला नवी कडी बसविली, ओसरीवर नवे दिवे लावले, तर वाडा नवा दिसतो; परंतु माजघराची लांबीरुंदी पूर्वीं होती तेवढीच राहते. मोटारीचेंही तसेंच आहे. समोरचे पत्रे, दिवे, आंतला पडदा, बैठकीचें कापड हें बदलणें तुलनेनें स्वस्त. सांगाडा बदलावयाचा म्हणजे नवे साचे, नवीं यंत्रें आणि पुन्हां पहिल्यापासून धडकेच्या चांचण्या. म्हणून कारखानदार सात-आठ वर्षांनीं सांगाडा बदलतो आणि मध्यंतरीं एकदां चेहरा बदलून घेतो. ह्या मधल्या बदलाला व्यापारांत फेसलिफ्ट असें नांव आहे. आतां चाकांमधील अंतर, तळाची उंची आणि छपराचा उतार ह्या तीन गोष्टी सांगाड्याच्या आहेत, आणि तिसऱ्या रांगेचें सुखदुःख नेमकें ह्या तिन्हींवर अवलंबून असतें. फेसलिफ्ट झालेल्या मोटारींत सर्वांत कमी बदललेली जागा कोणती, असें कोणीं विचारलें तर उत्तर ठरलेलें आहे : शेवटची रांग.

एक्स्. सी. ९० ची कुळकथा ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. पहिली पिढी जानेवारी २००२ मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत दिसली. दुसरी पिढी ऑगस्ट २०१४ मध्यें आली; तिला २०१९ सालीं एकदां साज चढला आणि २०२४ सालीं दुसऱ्यांदा. म्हणजे २०२५ सालीं जी नवी म्हणून आपल्याकडे विकावयास आली तिचा सांगाडा २०१४ सालचा. एवढ्या वर्षांनंतर एखादी कंपनी नवी पिढी न आणतां जुनीलाच पुन्हां सजविते, याचें कारण काय ?

कारण विजेच्या गाड्यांच्या हिशेबांत दडलेलें आहे. २०२१ सालीं व्होल्व्होनें जाहीर केलें कीं, २०३० पासून आपण केवळ विजेवर चालणाऱ्याच मोटारी विकूं. त्या धोरणाप्रमाणें एक्स्. सी. ९० ची गादी चालविण्यासाठीं नोव्हेंबर २०२२ मध्यें ई. एक्स्. ९० ही सात आसनांची विजेची मोटार दाखविण्यांतही आली. मार्च २०२४ मध्यें कंपनीनें आपली शेवटची डिझेल मोटार बांधली, ती एक्स्. सी. ९०च होती, आणि ती थेट संग्रहालयांत ठेवण्यासाठीं गेली. परंतु विजेच्या गाड्यांची मागणी अपेक्षेइतक्या वेगानें वाढेना. अखेर ज्या दिवशीं सजविलेली एक्स्. सी. ९० जगापुढें आली, त्याच दिवशीं, ४ सप्टेंबर २०२४ रोजीं, कंपनीनें २०३० ची ती प्रतिज्ञा मागें घेतली. निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या कारकुनाला पुन्हां बोलावून, नवा कोट शिवून, त्याच खुर्चीवर बसवावें तसा हा प्रकार आहे. यांत हिणवण्यासारखें कांहीं नाहीं. अनुभवी कारकून पुष्कळदां नव्या उमेदवारापेक्षां कामाला बरा असतो. मात्र त्याचा कोट पाहून त्याचें वय ठरवूं नये, इतकेंच.

नवें काय आहे तें थोडक्यांत सांगतों. समोरची जाळी आतां एकमेकींवरून तिरप्या जाणाऱ्या रेषांची आहे, दिवे बारीक झाले आहेत. आंतला स्पर्शपडदा ९ इंचांचा होता तो ११.२ इंचांचा झाला. आवाज आंत येऊं नये म्हणून अधिक अस्तर घातलें आहे. दोन आसनांमधील कप्प्यांची मांडणी बदलून पेला ठेवावयास आणखी एक जागा केली आहे. कंपनीनें तिचाही आवर्जून उल्लेख केला, यावरून बदलांची यादी किती ताणावी लागली तें कळेल. यांतील माझ्या मतें खरा महत्त्वाचा बदल चाकांवरील झोला सांभाळणाऱ्या यंत्रणेंत आहे. हवेच्या उशांवर तोललेली मोटार सेकंदास ५०० वेळां रस्ता, वेग आणि चालकाचा हात यांची नोंद घेते आणि त्याप्रमाणें आपली कडकी-मवाळी बदलते. खराब वाटेवर ती ४० मिलिमीटर उंच होते, आणि वेगांत २० मिलिमीटर खालीं बसते. आपल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर ही चैन नव्हे, गरज आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों.

तिसऱ्या रांगेची अडचण समजून घ्यावयाची असेल तर एस्. टी.च्या शेवटच्या बांकाची आठवण करावी. खड्डा आला कीं मधल्या आसनावरचा उतारू नुसता हलतो आणि शेवटच्या बांकावरचा छपराकडे जातो. गाडी आपल्या मध्याभोंवतीं पुढें-मागें झुलते. मध्यापासून जितकें दूर बसावें तितका उठाव अधिक. मोटारींतही तिसरी रांग जवळजवळ मागच्या आंसावरच येते, म्हणून तेथील प्रवाशाला प्रत्येक गतिरोधकाची वार्ता सर्वांच्या आधीं नव्हे, पण सर्वांत ठळकपणें मिळते. दुसरी गोष्ट तळाची. मागच्या आंसाचीं अंगें आणि धूर नेणारी नळी यांना जागा हवी म्हणून तेथें तळ वर उचललेला असतो. छप्पर तर खालीं उतरत आलेलें. मग डोकें टेकूं नये म्हणून आसन खालीं ठेवावें लागतें. तळ उंच आणि आसन ठेंगणें, याचा परिणाम असा कीं, बसणाऱ्याचे गुडघे वर येतात, मांडीखालीं आधार उरत नाहीं, आणि सगळें वजन पाठीच्या शेवटच्या मणक्यावर पडतें. अर्धा तास हें कोणीही सोसतो. तीन तास सोसण्यास वय बारा असावें लागतें.

ह्या दोषांवर २०१४ च्या सांगाड्यांत बराच विचार झालेला दिसतो. चाकांमधील अंतर जवळजवळ तीन मीटर ठेवलें. ज्या गाड्यांत हवेच्या उशा नसतात त्यांत मागच्या चाकांवर दोन जाड गुंडाळ्या बसविण्याऐवजीं संमिश्र द्रव्याचा एकच आडवा पाटा बसविला; टांग्याच्या पाट्याचाच हा दूरचा नातलग म्हणावयाचा. हेतु हा कीं, यंत्रणेनें जागा कमी खावी आणि ती माणसांना व सामानाला मिळावी. कंपनीनें त्या वेळीं सांगितलें कीं, तिसऱ्या रांगेंत १७० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें पांच फूट सात इंच, उंचीच्या माणसाला आरामांत बसतां येईल. मला ह्या विधानाचें कौतुक वाटतें. बहुतेक कारखानदार ‘सात जणांसाठीं ऐसपैस’ असें म्हणून मोकळे होतात. येथें निदान एक आंकडा दिला आहे आणि आंकडा ताडून पाहतां येतो.

परंतु तो आंकडा वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, दुसऱ्या रांगेंतील तिन्ही आसनें स्वतंत्र आहेत आणि पुढें-मागें सरकतात. मागच्याचे पाय कितपत लांबतील हें पुढच्याच्या औदार्यावर अवलंबून राहणार. मधल्या रांगेंत घरांतले जांवई बसले असले तर मागच्यांनीं आपल्या गुडघ्यांशीं समझोता करावा हें उत्तम. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. उंची म्हणजे वय नव्हे. आमच्या मावशी पांच फुटांच्या. कंपनीच्या मापांत त्या सहज बसतात. परंतु त्या मापांत आंत शिरण्याची वाट मोजलेली नाहीं. दुसऱ्या रांगेचें आसन पुढें लोटून, एक पाय उंच तळावर टाकून, कमरेंत वांकून, अंग वळवून मागें जावयाचें, आणि हें सारें जमिनीपासून चांगल्याच उंच असलेल्या मोटारींत. साठीच्या पुढें ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना ही कसरत सांगूं नये. सात आसनांच्या कोणत्याही मोटारींत वडील माणसांची जागा पुढें किंवा मधल्या रांगेंत दारालगत, आणि तिसरी रांग मुलांची व तरुणांची, असें घरांत आधींच ठरवून टाकावें. ‘मी बारीक आहें’ हा युक्तिवाद मान्य करूं नये.

मग प्रश्न उरतो तो हा : आपलीं मुलें आपण मोटारीच्या अगदीं मागच्या टोकाला बसवावीं काय ?

येथें मला किंचित् मागें जावें लागेल. निल्स बोहलिन नांवाचा एक स्वीडिश अभियंता विमानांतून वैमानिकाला बाहेर फेंकणाऱ्या आसनांचें काम करीत असे. तो व्होल्व्होंत आला आणि १९५९ सालीं त्यानें खांदा, छाती आणि कंबर यांना एकाच वेळीं धरणारा तीन टोंकांचा पट्टा सिद्ध केला. कंपनीनें त्याचें पेटंट आपल्यापुरतें न ठेवतां इतर कारखान्यांना वापरूं दिलें. आज आपल्या सर्वांच्या मोटारींत जो पट्टा असतो तो हाच. पट्टा कशासाठीं हें समजावयास एक साधा हिशेब पुरे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार भिंतीवर आदळली, तर बिनपट्ट्याच्या माणसावर होणारा आघात सुमारें दहा मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो. वेग ८० असेल तर ती उंची पंचवीस मीटर होते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण मुलाला क्षणभरही उभें करीत नाहीं; मोटारींत मात्र ‘जवळच तर जावयाचें आहे’ असें म्हणतों.

४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात आपणांस आठवत असेल. उद्योगपति सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारीं बसलेले गृहस्थ असे मागच्या आसनावरील दोघे त्यांत मरण पावले. पुढील आसनांवरील दोघे जखमी झाले, परंतु वांचले. मागच्या दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. मोटार चांगली होती, महागडी होती. मागें बसलेला माणूस सुरक्षित असतो अशी आपली एक जुनी समजूत आहे. ती किती पोकळ आहे हें त्या दिवशीं दिसलें. मागच्या प्रवाशानेंही पट्टा बांधावा असा आपला कायदा सांगतो आणि न बांधल्यास हजार रुपये दंड आहे. तरीही मागच्या आसनांवरील पट्टे बैठकीच्या कापडाखालीं गाडलेले मीं कितीतरी मोटारींत पाहिले आहेत.

एक्स्. सी. ९० ची बाजू येथें बळकट आहे, आणि माझ्या दृष्टीनें तिच्या किमतीचें खरें समर्थन येथेंच आहे. २००२ च्या पहिल्या पिढीपासूनच सातही आसनांना तीन टोंकांचे पट्टे आणि धडकेच्या क्षणीं पट्टा खेंचून घट्ट करणारी यंत्रणा होती. खिडक्यांवरून खालीं फुगणारा हवेचा पडदाही तिन्ही रांगांना झांकीत असे. त्या काळीं तिसरी रांग ही बहुतेकांच्या लेखीं घडीची चौरंगी होती. तिला इतक्या गांभीर्यानें घेणारे थोडे. दुसऱ्या पिढींत सांगाड्याच्या वजनाचा जवळजवळ ४० टक्के भाग तापवून घडविलेल्या बोरॉनयुक्त पोलादाचा केला. हें पोलाद फार कठीण असतें. धडकेंत पुढचा आणि मागचा भाग चुरगळावा, पण माणसांची खोली चुरगळूं नये, अशी ती योजना. २०१५ सालीं युरोपांतील धडक-चांचणी संस्थेनें, युरो एन्. कॅप. हिनें, तिला पांच तारे दिले. मधल्या रांगेच्या मधल्या आसनांत मुलासाठीं उंच होणारी उशी अंगचीच बसविलेली आहे. पट्टा मुलाच्या गळ्यावरून न जातां खांद्यावरून जावा म्हणून ती लागते. लहान मूल तेथें, दोन वडील माणसें त्याच्या दोन बाजूंना, आणि पट्टा नीट बसेल इतकीं वाढलेलीं मुलें मागें, अशी मांडणी केली तर ही मोटार सहा-सात माणसांचें घर खरोखर सांभाळूं शकते. तेव्हां माझें उत्तर असें : मुलें मागें बसवावीं, परंतु पट्टा बांधून, आणि पाठीमागचा डोक्याचा आधार वर उचलून. तो आधार दुमडून ठेवण्याची खोड वाईट आहे. मागून ठोकर बसली तर मान त्याच्यावरच टिकते.

यंत्राविषयीं फार बोलत नाहीं. भारतांत ती एकाच प्रकारच्या यंत्रासह आली : दोन लिटरांचें, चार नळकांड्यांचें पेट्रोलचें यंत्र, २५० अश्वशक्तीचें, त्याला ४८ व्होल्टांच्या विद्युत्-यंत्रणेचा थोडा हातभार, आणि चारही चाकांना गति. शून्यापासून शंभर किलोमीटरांचा वेग ती ७.७ सेकंदांत गांठते. त्याच वर्गांतील ऑडीची क्यू सेव्हन, जिची जुळणी आपल्या छत्रपती संभाजीनगरांत होते, तिला तीन लिटरांचें सहा नळकांड्यांचें ३४० अश्वशक्तीचें यंत्र आहे आणि ती तेंच काम ५.६ सेकंदांत करते. हा फरक तरुण मंडळींना फार मोठा वाटतो. ज्या मोटारींत सात माणसें बसलीं आहेत ती शंभरावर दोन सेकंद लवकर पोहोंचली तर मागच्या रांगेंतील मुलाला ओकारी होण्यापलीकडे कांहीं साधत नाहीं. मात्र एक गोष्ट पारखावी. सुमारें दोन टनांची मोटार, वर सात माणसांचें चार-साडेचारशे किलो वजन, आणि समोर खंबाटकीचा किंवा आंबा घाटाचा चढ. अशा वेळीं चार नळकांड्यांच्या यंत्राला कष्ट पडतात आणि तो आवाज अस्तर कितीही घातलें तरी कानीं येतो. विक्रेता जी फेरी घडवून आणतो ती एकट्याची, रिकाम्या मोटारीची आणि सपाट रस्त्यावरची असते. परदेशांत हीच मोटार भिंतीवरच्या जोडणींतून विद्युत्-भार घेणाऱ्या, ४५५ अश्वशक्तीच्या जोडयंत्रासहही मिळते. आपल्याकडे ह्या खेपेस तें यंत्र आलें नाहीं, ही गोष्ट मला खटकते. शहरांत रोजची शाळा-कचेरीची धांव विजेवर आणि सुटींतला लांबचा प्रवास पेट्रोलवर, हें आपल्या घरांच्या चालीला अधिक मानवलें असतें.

सामानाचें गणित तर अगदीं रोकडें आहे. तिन्ही रांगा उभ्या असतां मागें सुमारें ३०० लिटर जागा उरते, म्हणजे एखाद्या लहान चार आसनी मोटारीच्या डिकीएवढी. सात माणसांच्या चार दिवसांच्या प्रवासाच्या पिशव्या त्यांत मावणार नाहींत. मावतील असें विक्रेत्यानें सांगितलें तर त्यानें कधीं लग्नघरीं जाणाऱ्या कुटुंबाबरोबर प्रवास केलेला नाहीं असें खुशाल समजावें. एक तर सामान टपावर जाईल किंवा माणसें पांच होतील. हा दोष केवळ हिचा नाहीं. पांच मीटरांच्या आंतल्या सर्वच सात आसनी गाड्यांचा आहे.

किमतीचें बोलावयाचें तर मार्च २०२५ मध्यें ती दुकानांतील सुमारें १ कोटी ३ लाख रुपये होती. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मोठ्या मोटारींवरील जी. एस्. टी. आणि अधिभार मिळून ५० टक्क्यांच्या जागीं सरसकट ४० टक्के झाला, त्यामुळें ह्या वर्गाच्या किमती कांहींशा उतरल्या. परंतु महाराष्ट्रांत वीस लाखांवरील पेट्रोल मोटारीला खासगी नोंदणीच्या वेळीं १३ टक्के वाहन-कर पडतो, हें विसरूं नये. कोटीच्या मोटारीवर तो तेरा लाखांच्या घरांत जातो. एवढ्या रकमेंत एक संपूर्ण लहान मोटार येते आणि तिच्या दारांतून मावशी न वांकतां आंत बसतात.

माझा अभिप्राय विचाराल तर तो असा आहे. ज्या घरांत रोज सहा-सात माणसें एकत्र जातात, त्यांनीं ही मोटार घेऊं नये. टोयोटाच्या इनोव्हासारखी, ठेंगण्या तळाची आणि मागच्या प्रवाशाला आधीं मोजून बांधलेली गाडी तिच्या तृतीयांश किमतीच्या आंत मिळते आणि तें काम अधिक चांगलें करते. ज्या घरांत माणसें कायमचीं चार आहेत आणि तिसरी रांग केवळ प्रतिष्ठेसाठीं हवी आहे, त्यांनींही घेऊं नये. त्यांना पांच आसनी गाडी पुरे. राहिलें तें मधलें घर : दोन मुलें, आईवडील, आणि सुटींत येणारीं भाचरें, वर्षांतून वीस-पंचवीस दिवस सात जण, एरव्हीं चार-पांच. पैशाची ददात नसेल, तर अशा घराला ही मोटार मी निःशंकपणें सुचवीन, आणि तें तिच्या नव्या चेहऱ्यासाठीं किंवा नव्या पडद्यासाठीं नव्हे, तर २०१४ सालीं घडविलेल्या तिच्या जुन्या हाडांसाठीं. नव्या साजांतील फक्त तो सुधारलेला झोला मी त्या हिशेबांत धरीन.

दुकानांत जातांना मात्र एकटें जाऊं नये. घरांतील सर्वांत उंच मुलगा आणि सर्वांत वडील बाई यांना बरोबर न्यावें. मुलाला तिसऱ्या रांगेंत बसवून, दारें लावून, अर्धा तास मोटार फिरवावी; शक्य तर एखाद्या चढावर आणि पांच-सहा माणसें भरून. घरची सर्वांत मोठी पेटी नेऊन डिकींत ठेवून पाहावी. विक्रेता हंसेल, हंसूं द्यावा.

माझ्या त्या स्नेह्याला मागच्या महिन्यांत पुन्हां मोटार घ्यावयाची होती आणि त्यानें आम्हांला सल्ल्यासाठीं बोलावलें. मावशी आतां शहात्तरींत आहेत. आम्ही अश्वशक्ति, पडदा आणि किंमत यांवर बोलत असतां त्या मोटारीभोंवतीं एक फेरी घालून आल्या, मधलें दार उघडून पायरीची उंची हातानें मोजली, आणि मागें न पाहतांच म्हणाल्या, “तुम्ही काय तें ठरवा. मी चालकाशेजारीं बसणार.”